खालची पट्टी

आमच्या घरात बाल्कनीला कुलूप असतं. असं दुसरं घर जगात असेल तर मला दाखवा. लग्न होऊन मी इथे आले, तेव्हा कपडे वाळत घालायलासुद्धा किल्ली मागावी लागते हे पाहून मला हसू फुटलं होतं. मग नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि ते तिथल्या तिथे गिळलं.

त्याची पहिली बायको गॅलरीतून पडून गेली. जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, जड सामान दोरीने वर घ्यायला कठड्यात एक छोटं फाटक होतं. लोखंडी खिटी सरकवली की ते बंद व्हायचं. त्या दिवशी खिटी जागेवर नव्हती. ती पाठ टेकायला गेली आणि फाटक उघडून मागच्या मागे गेली.

"खिटी मीच लावायला विसरलो." नवरा एवढंच सांगतो. पोलिसांना तेच सांगितलं, सासू-सासऱ्यांना तेच, आणि मला मागणी घालतानाही आधी तेच. तिच्या माहेरच्यांनी त्याचं तोंड पाहणं सोडलं. आणि त्याची मुलगी, आमची बबडी, तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. कळायला लागल्यापासून तिने बापाशी कामापुरतं बोलणं ठेवलंय. मला ती मावशी म्हणते, माझ्याशी कडाकडा भांडते, मग गळ्यात पडते. बापाशी ती भांडतसुद्धा नाही. जेवताना दोघं समोरासमोर बसतात, हा स्टीलच्या चमच्याने खातो, ती तिच्या त्या लाकडी चमच्याने. धातूचा चमचा तोंडात गेला की तिला उमासे येतात. लहानपणापासूनची खोड. "सासरी जाताना चमचा विसरू नकोस," म्हणून मी तिला चिडवते.

तर बबडीचं लग्न ठरलं. लग्नाच्या हॉलमध्ये फिल्म दाखवायला भिंतभर रुंद पडदा होता आणि तिने एकच हट्ट धरला, "लग्नात मला आई हवी. पडद्यावर का होईना."

आईची एक व्हिडिओ टेप होती. ती खराब झाली, असं नवरा इतकी वर्षं सांगत आला होता. बबडीने कपाट उपसलं, तर टेप सापडली, तीही प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. ती दुकानात द्यायला निघाली, तर याने हातातून काढूनच घेतली.

"दुकानात नको. मी करतो."

कॉम्प्युटरवर वीजबिल भरतानाही मला हाक मारणारा हा माणूस. पण कुठूनशी वायर आणली, सॉफ्टवेअर टाकलं आणि दार लावून बसायला लागला. मी चहा घेऊन गेले की पडदा काळा करायचा. मला ते आवडलं नाही. पहिल्या बायकोला एकट्यानेच पाहायचं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण एकदा दार उघडलं तर तो रडत नव्हता, घामाने निथळत होता.

फिल्म तयार झाली. नमुना म्हणून त्याने बबडीला सुरुवातीचा तुकडा पाठवला. लगेच ऑफिसातून तिचा मला फोन.

"मावशी, आईचं कपाळ कुठे गेलं? बाबांनी सगळ्यांची डोकी उडवलीत!"

खरंच उडवली होती. जुन्या टेपचं चित्र जवळजवळ चौकोनी असतं. ते रुंद पडद्यावर बसवायचं तर एक, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडायच्या. दोन, चित्र आडवं ताणायचं, म्हणजे सगळे लाटून काढल्यासारखे जाडे दिसतात. नाहीतर चित्र मोठं करत न्यायचं, बाजू भरतात, पण वरचं आणि खालचं चौकटीबाहेर जातं. याने हे तिसरं केलं होतं. मी लोकांचे कपडे शिवते. अशी कापाकापी माझ्याकडे कुणी केली असती, तर मी कात्री काढून घेतली असती.

दुपारी तो बाजारात गेला, तशी मी खुर्चीवर बसले. बाहेर गेलेलं चित्र या सॉफ्टवेअरमध्ये जात नाही कुठेच. शिवणीत आत दुमडलेल्या कापडासारखं ते तिथेच असतं, उसवलं की बाहेर. सगळ्या क्लिप निवडल्या, 'फिट' दाबलं. कडेला काळ्या पट्ट्या आल्या आणि एकेकाची डोकी परत आली.

शेवटची क्लिप मात्र ऐकेना. बाकी सगळ्या क्लिप मधोमध ठेवलेल्या, ही एकच हाताने खाली ओढलेली. डोक्यावर हातभर रिकामं आभाळ आणि बबडीची आई कमरेपर्यंत चौकटीत बुडालेली. भिंतीवरचा खिळासुद्धा पट्टी लावून ठोकणारा माझा नवरा असं वेंधळेपणाने करणार नाही. त्याला खालचं काहीतरी दिसू द्यायचं नव्हतं. मला उगाचच मागे वळून दाराकडे पाहावंसं वाटलं. इतकी वर्षं मी कुणाच्या शेजारी झोपते आहे, हा विचारसुद्धा मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू.

किती खाली ओढली त्याचे आकडे पुसून मी क्लिप जागेवर आणली.

खाली बबडी होती! कठड्याशी बसलेली, दोन बारीक शेंड्या, फुगीर बाह्यांचा फ्रॉक. एवढंच? मला इतका राग आला की विचारू नका. आईच्या शेवटच्या चित्रातून या माणसाने पोटची पोरच कापली! मी पुढचं काही न बघता फिल्म बाहेर काढली आणि बबडीला पाठवून दिली. खाली लिहिलं, "शेवटचा शॉट नीट बघ. तू पण आहेस त्यात."

मग तोच शॉट स्वतः बघायला लागले.

ती कठड्याशी उभी, वाऱ्याने केस तोंडावर येताहेत, हसत काहीतरी सांगते आहे. खाली बबडी फाटकाशी खेळते आहे. दोन्ही हातांनी खिटी ओढते आहे. निघत नाही. पाय टेकवून पुन्हा ओढते. निघाली. खिटी हातात धरून तिने नीट पाहिली, आणि तोंडात घातली. वर तिची आई अजून हसत होती. शॉट संपला.

नवरा कधी आला कळलं नाही. हातातल्या पिशव्या त्याने खाली ठेवल्या नाहीत.

"पाठवलंस?"

"हो."

"पूर्ण?"

मी मान हलवली. तो दारातच खाली बसला.

"शूट करताना मला फक्त तिचा चेहरा दिसत होता गं," तो म्हणाला. "खिटी कशी निघाली, ते नंतर टेप बघितली तेव्हा कळलं."

"अहो, मग हा शॉट काढूनच टाकायचा!" मी ओरडले. "टेप जाळायची!"

"तिचा हसरा चेहरा तेवढ्याच शॉटमध्ये आहे. बबडीला लग्नात आई हवी होती ना?" तो पिशव्यांकडे बघत बोलत होता. "माझ्यावर रागावून का होईना, पोर धड वाढली. स्वतःवर रागावून वाढली असती?"

मला त्याच्याजवळ जाऊन बसायचं होतं. त्याच्याविषयी जे मनात आणलं, त्याची माफी मागायची होती. पण आधी मी फोनवर झडप घातली. मेसेज पुसायचा म्हणून बोट ठेवलं, तर दोन्ही खुणा निळ्या झालेल्या.

फोन वाजला. बबडीच होती. मी स्पीकर लावला.

ती अगदी हळू म्हणाली, "मावशी, मला चमचा तोंडात का धरवत नाही, ते कळलं."

मी नवऱ्याकडे पाहिलं.

"बाबा आहेत का तिथे?"

नवरा उठला. माझ्या हातातून फोन घेतला, घसा साफ केला आणि पोलिसांना, सासू-सासऱ्यांना, मला सांगितलं होतं, त्याच आवाजात म्हणाला, "बबडे, ऐक. खिटी मीच लावायला विसरलो होतो."

तो फोन कानाशी धरून उभा राहिला, आणि थोड्या वेळाने त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.