तीन-तीन मणी

मेस्बाह मास्तरांचा वास गेला त्याला दोन हिवाळे झाले. ताप आला, आठ दिवस राहिला आणि जाताना तेवढं घेऊन गेला. कॉफी म्हणजे नुसतं कडू गरम पाणी झालं. चुलीवरची भाकरी करपली तरी नवरा जागचा हलत नाही, एवढं बायकोच्या, मबरूकाच्या, लक्षात आलं. पण म्हातारपणी माणूस आळशी होतोच, असं समजून तिने ते सोडून दिलं. बाकी गावात कुणाला काही कळलं नाही. मास्तरांनी कळूच दिलं नाही.

कारण त्या गावात मास्तरांचं नाक म्हणजे साधंसुधं नाक नव्हतं. खजुरीत नर वेगळा आणि मादी वेगळी. वाऱ्यावर भरवसा ठेवला तर हाताला काही लागत नाही. फाल्गुनाच्या सुमाराला मादीची पोय, म्हणजे फुलांचं म्यान, उकलली की नराच्या तुऱ्यातल्या दोन काड्या तिच्यात उलट्या खोचायच्या आणि वर झावळीची पात बांधायची. पण तुरा जिवंत आहे की मेलेला, हे डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही तसेच पांढरट आणि दोन्ही तसेच पिठूळ. कळतं ते नाकाला. जिवंत तुऱ्याला ओल्या कणकेचा वास येतो. लोक तुरे घेऊन मास्तरांच्या दारात यायचे. मास्तर डोळे मिटायचे, एकदा हुंगायचे आणि मान हलवायचे. "मास्तरांनी हुंगलाय," असं म्हटलं की बाजारात पुढे कुणी वाद घालत नसे.

वास गेल्यावरही ते हुंगतच राहिले. पहिल्या वर्षी सगळे तुरे ताजे होते, निभावून गेलं. त्यामुळे त्यांना वाटलं, पुढेही निभेल.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी ते आपल्याच बागेत मुलांचा वर्ग घेत. गावातल्या बायकांच्या संस्थेने तो सुरू केला होता. बारा-तेरा मुलं यायची आणि मास्तरांना सीदी म्हणायची. वाळक्या झावळ्या कुजवून खत कसं करायचं, कच्चं मडकं मातीत पुरून त्याच्या पाझरावर भोपळा कसा जगवायचा, खजुरीच्या सावलीत डाळिंब आणि डाळिंबाच्या सावलीत घेवडा कसा लावायचा, हे ते शिकवत. शेवटी जव भाजून, दळून, त्यात तेल आणि खजूर कालवून बसीसा करायचा आणि गोल बसून खायचा. बिस्किटांचे पुडे फाटकावर जमा करावे लागत. ते परत जाताना मिळत, पण बसीसा खाल्ल्यावर ते न्यायची आठवण कुणाला होत नसे.

वर्गाचा नियम एकच होता. "पुस्तकात काय लिहिलंय ते मग बघू. तुला स्वतःला काय दिसलं, कसला वास आला, ते आधी सांग. चुकलं तरी सांग."

या वर्गात अकरा वर्षांची ताऊस होती. तिचा बाप हमादी. दोन शरदांपूर्वी उंच झाडावरून घड उतरवताना पडला तो उठलाच नाही. त्यानंतर त्यांच्या बागेत कुणी पाऊल टाकलं नाही. उंच झाडं तशीच रानटी झाली. पण दक्षिणेच्या भिंतीलगत नऊ लहान खजुरी होत्या. ताऊस जन्मली त्या वर्षी हमादीने लावलेल्या. आता कुठे त्या फळाला आल्या होत्या, आणि पाच पायऱ्यांच्या शिडीवरून त्यांच्या पोया हाताला येत होत्या.

ताऊसची आई जाझिया हिला भाऊ स्फाक्सला बोलावत होता. समुद्राकाठचं शहर, तिसऱ्या मजल्यावरचं घर, मुलीला चांगली शाळा. मास्तर स्वतः जाऊन तिच्याशी बोलले होते.

"एक वर्ष द्या तिला," ते म्हणाले. "झाडं ठेंगणी आहेत. मी खाली उभा राहीन."

जाझिया म्हणाली, "मास्तर, या बागेने माझं काय घ्यायचं शिल्लक ठेवलंय? पण पोरगी रात्रंदिवस त्या नऊ झाडांचंच बोलते. ठीक आहे. या वर्षी झाडं धरली तर राहू. नाही धरली तर तिने हट्ट करायचा नाही, मुकाट्याने गाडीत बसायचं."

"धरतील," मास्तर म्हणाले.

त्या वर्षी थंडी लांबली. गावातले नर अजून मिटलेले होते, पण भिंतीच्या उबेने ताऊसच्या झाडांच्या पोया सगळ्यांच्या आधी उकलल्या. चार-पाच दिवसांत तुरा बांधला नाही तर त्या वाया जाणार होत्या. मास्तरांकडे मागच्या वर्षीचे तुरे होते, फडक्यात गुंडाळून मडक्यात घालून माळ्यावर ठेवलेले. नीट कोरडे राहिले तर वर्षभराचे तुरेही चालतात. फक्त माळ्याच्या खालीच मबरूकाची चूल होती आणि हिवाळाभर तिथे कुसकुसची वाफ चढत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मडकं उघडल्याबरोबर नाकवाल्या माणसाच्या ध्यानात ते आलं असतं.

रविवारी सगळा वर्ग ताऊसच्या बागेत जमला. मास्तरांनी मडक्यातून एक तुरा काढला, डोळे मिटले आणि हुंगला. काहीच आलं नाही. दोन वर्षांत कधीच काही आलं नव्हतं.

"उत्तम," ते म्हणाले.

मग नेहमीप्रमाणे तुरा मुलांच्या हातात फिरला. रमझी नावाचा एक गोल तोंडाचा मुलगा होता, भजीवाल्याचा. त्याने हुंगलं आणि नाक मुरडलं.

"सीदी, याला जुन्या गोणपाटाचा वास येतोय."

मास्तर हसून म्हणाले, "रमझी, तुझं नाक बापाच्या कढईत वाढलंय. तळलेलं नसेल त्याला तू गोणपाटच म्हणणार."

मुलं खो खो हसली. ताऊसही हसली. रमझीचे कान लाल झाले. पुढच्या मुलाने तुरा नाकाशी नेला आणि न विचारता सांगून टाकलं, "कणकेचा वास आहे, सीदी."

ताऊस शिडी चढली. जीभ दातांत धरून तिने पहिल्या पोयीत दोन काड्या उलट्या खोचल्या आणि पात गुंडाळून गाठ मारली. खाली मास्तर शिडी धरून उभे होते. "घट्ट नको, बिन्ती," लेकीला हाक मारावी तसं ते म्हणाले. "पोयीला फुगायला जागा हवी." संपूर्ण मडकं त्यांनी तिच्या हवाली केलं. पुढचे तीन आठवडे जशा पोया उकलतील तशी ती एकटीच बांधणार होती आणि आई शिडी धरणार होती.

दहा दिवसांनी मास्तरांच्या बागेतला नर उकलला. ताजा, भरघोस, हलवला की पिठाचा ढग उडवणारा. त्याखाली उभ्या असलेल्या मास्तरांना रमझीचं नाक आठवलं. ताऊसच्या निम्म्या पोया अजून मिटलेल्या असतील. चार काड्या नेऊन दिल्या तर निदान तेवढं तरी वाचेल. पण का देताय, असं तिने विचारलं तर काय सांगायचं? ते फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. पोराला काय कळतं? इतकी वर्षं आपण तुरे ठेवतोय, कधी बिघडले?

मे महिन्यातल्या एका रविवारी मुलांनी आपापल्या झाडाच्या घडातली एकेक लड आणली होती. घड कसा धरलाय ते बघायचं होतं. बाकीच्यांच्या झाडांना बाजारातले ताजे तुरे मिळाले होते. त्यांच्या लडींवर हिरवे मणी लागले होते, एका जागी एक. खजुरीच्या फुलात तीन फळांची सोय असते. फूल नीट फळलं की दोन गळतात आणि एकच पोसतं. त्याचाच खजूर होतो.

ताऊस सगळ्यांत शेवटी आली, धावत, घामाघूम होऊन.

"सीदी! बघा! यांच्या सगळ्यांच्या एका जागी एकेक, आणि माझ्या तीन-तीन!"

तिने लड वर धरली. दर जागी तीन बारके मणी एकमेकांना चिकटून बसले होते.

"हिला तिप्पट येणार!" शरीफा नावाची मुलगी ओरडली. "ताऊस, आमच्याकडे पण बांधायला ये गं!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. रमझीनेही. ताऊस मास्तरांच्या तोंडाकडे पाहत होती. शाळेत फळ्यावर गणित सोडवून मुलं वळून पाहतात ना, तशी.

मास्तरांनी लड हातात घेतली. न फळलेलं फूल एकही मणी सोडत नाही. तिन्ही धरून ठेवतं. त्यांच्यात बी नसते, गोडी नसते आणि शरद आला तरी ते पिकत नाहीत. त्याला गावात शीस म्हणतात आणि शेळ्यांपुढे टाकतात. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"बघू या," ते म्हणाले. "अजून वेळ आहे."

त्या दिवशी आपल्या वाट्याचा बसीसा त्यांनी मुलांना वाटून टाकला.

पुढच्या रविवारी ताऊस आली नाही. त्याच्या पुढच्याही. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मास्तर स्वतः गेले. जाझिया अंगणात गोधड्या बांधत होती. ती या गावात जन्मलेली बाई. तीन मणी बघून तिला काय समजायचं ते समजलं होतं.

"बसा, मास्तर," ती म्हणाली. "शाळेची परीक्षा झाली की निघतोय आम्ही."

ताऊस उंबऱ्यावर बसली होती. दोन्ही हात काखेत दाबून.

"वर्गाला का नाही आलीस, बिन्ती?"

"माझा हात वाईट आहे," ती सहज म्हणाली, शाळेचं नाव सांगावं तशी. "आजी म्हणते, काहींच्या हाताने झाड धरत नाही. मडक्यावरचा तुमचा भोपळा मीच लावला होता. तो मरेल. मी हात नाही लावणार आता कशाला."

"पोरीने परवा पुदिन्याला पाणी घालायला नकार दिला," जाझिया म्हणाली. "म्हणते, तू घाल."

चाळीस वर्षं वर्गात उभे राहिलेले मास्तर त्या लहानशा अंगणात जमिनीवर, उंबऱ्याखाली बसले, म्हणजे त्यांचं तोंड तिच्यापेक्षा खाली आलं.

"तुझा हात चांगला आहे. गाठ चांगली होती. तुरे मेलेले होते."

"पण तुम्ही हुंगले होते."

"मला वास येत नाही, ताऊस. दोन वर्षं झाली. मी नुसतं नाकाशी धरतो."

जाझियाच्या हातातली दोरी थांबली. ती म्हणाली, "हमादी दरवर्षी पहिला तुरा तुमच्याकडे घेऊन यायचा. दाराशी चपला काढून." एवढं बोलून ती पुन्हा गाठ मारू लागली.

ताऊसला सगळं उलगडायला थोडा वेळ लागला. मास्तरांनी तो लागू दिला. मुलांना घाई करायची नाही, हे त्यांना माहीत होतं.

"रमझी म्हणाला होता," ती हळूच म्हणाली.

"हो."

"तुम्ही त्याला हसलात. मग आम्ही पण हसलो."

"हो."

"आणि तुमचा नर उकलला होता. मी भिंतीवरून बघितला होता. तेव्हा माझ्या चार झाडांच्या पोया बंद होत्या." तिने बोटं मोजली नाहीत, तिला पाठ होतं. "तेव्हा का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

ती रडली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. तिने हात काखेतून काढले, ते उलटसुलट करून पाहिले आणि मांडीवर ठेवले.

"आई," तिने विचारलं, "आता माझा हात वाईट नाही, तर आपण राहू या ना?"

जाझियाने मान वर केली नाही. "बिन्ती, मामाने शाळेत नाव घातलंय. आपलं ठरलं होतं."

"पण ते माझ्यामुळे नव्हतं."

"कुणामुळेही असो. मला आणखी एक वर्ष वाट बघायला सांगू नकोस. ताकद नाही माझ्यात."

मग तिने मास्तरांकडे एकच गोष्ट मागितली. जाण्याआधी ते घड उतरवून टाका. झाडांचा जोर फुकट जातोय, आणि निघताना ते लटकलेले मला बघायचे नाहीत.

त्या रविवारी मास्तरांनी वर्गात सगळं सांगितलं. रमझीला नाव घेऊन सांगितलं की तुझं नाक बरोबर होतं आणि माझं तोंड चुकलं. रमझी खाली मान घालून काडीने माती उकरत राहिला. सीदींना असं बोलताना ऐकणं त्यालाच अवघड झालं. गावात बातमी पसरायला दुपार पुरली. त्यानंतर मास्तरांच्या दारात तुरा घेऊन कुणी आलं नाही. वर्ग चालू राहिला, पण आठ मुलं उरली.

जूनमध्ये, निघायच्या आदल्या सकाळी, मास्तर कोयती घेऊन भिंतीलगतच्या बागेत गेले. शिडी आधीच पहिल्या झाडाला टेकवलेली होती. शेजारी ताऊस उभी होती.

"मी चढते," ती म्हणाली.

"नको. मी चढतो. मीच चढायला हवं."

तिने वाद घातला नाही. शिडीचे दोन्ही दांडे धरले, एक पाय खालच्या पायरीवर रोवला आणि सगळं वजन त्यावर टाकलं. बापाच्या घरात शिडी कशी धरतात ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. मास्तरांनी पहिला घड कापला. तो जमिनीवर हलकाच पडला. भरलेला घड असा पडत नाही.

झाडामागून झाड झालं. ती शिडी उचलायची, पुढच्या झाडाला लावायची आणि धरायची. वरून मास्तरांना तिचा भांग आणि दांड्यांभोवती पांढरी पडलेली बोटं दिसत होती. सहाव्या झाडावर त्यांचा पाय किंचित सरकला आणि खालची पकड आणखी घट्ट झालेली त्यांना जाणवली.

"अजून किती?" तिने खालून विचारलं.

"तीन."

"सावकाश कापा," ताऊस म्हणाली. "मी धरलंय."