झोप मोडायला नको

बेकरीत रात्रपाळी लागल्यापासून तिची झोप दुपारी, आणि तेवढा वेळ घरात शिंकायचीही चोरी. नवरा शिंपी. ती आडवी झाली की तो मशीन बंद करून बाहेरच्या खोलीत हातानं काजंबटणं करत बसे. जीव लावणारा माणूस, पण काळजीच्या बाबतीत जरा अतीच.

हल्ली तिला झोपेत भलतंच काही होऊ लागलं होतं. डोळे उघडत, खोली दिसे, पण बोटसुद्धा हलत नसे. छातीवर पिठाचं पोतं ठेवल्यासारखा भार, आणि कपाटापाशी पाठमोरी उभी एक बाई. तिनं वळून बघू नये म्हणून ही मनातल्या मनात गयावया करी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्वप्नात हातपाय झाडू नयेत म्हणून शरीर आपणहून लुळं पडतं. तुम्हाला जाग आधी येते, अंग मागाहून जागं होतं. पाळ्यांची उलटापालट, अपुरी झोप, उताणं झोपणं, कशानंही होतं. दिसेल ते खरं मानू नका. पायाचा अंगठा हलवून बघा."

नवऱ्यानं यातून एकच अर्थ काढला: हिला झोप कमी पडतेय, तेव्हा हिला अजिबात उठवायचं नाही.

त्या दुपारी डोळे उघडले आणि अंग हलेना. आज बाई नव्हती. शेजारी झोपवलेली त्यांची लेक, पिटुकली, अजून वर्षाचीही नव्हती, उठून बसली होती. तिनं चादरीच्या चुणीतून काहीतरी उचललं. बटण. ते तोंडात गेलं.

खोटं आहे, तिनं स्वतःला बजावलं. त्या बाईसारखंच खोटं.

पिटुकली खोकली. मग खोकला थांबला. तोंड उघडं, आवाज नाही, चेहरा लालबुंद. खोटं, खोटं. पण बाईचा चेहरा कधी दिसला नव्हता, आणि इथे हनुवटीवरची लाळसुद्धा दिसत होती. 'अहो!' ती जिवाच्या आकांतानं ओरडली. घशातून नुसती घरघर निघाली.

दार किलकिलं झालं. नवऱ्यानं डोकावलं. तिचा जीव भांड्यात पडला.

मग दार कडीचाही आवाज न करता हळूच ओढलं गेलं.

कसा हलला कोण जाणे, पण अंगठा हलला, आणि त्यामागून सगळं अंग. तिनं पोरीला मांडीवर पालथं घातलं आणि पाठीत थापट्यांवर थापट्या मारल्या. बटण टणकन फरशीवर पडलं, आणि पिटुकलीनं घर डोक्यावर घेतलं.

नवरा धावत आला. त्यानं फरशीवरचं बटण उचलून पाहिलं. "माझ्याच शर्टाला चिकटून आलं असणार."

"अहो, मी हाका मारत होते तुम्हाला."

"ऐकलं मी," तो कसाबसा म्हणाला. "वाटलं, झोपेत कण्हतेयस. पोर पाठमोरी बसली होती, गप्प होती. म्हटलं, शहाण्यासारखी खेळतेय, हिची झोप मोडायला नको."

तिला धड रागही येईना. पोरीला छातीशी कवटाळून ती भिंतीला टेकली. भीतीनं दात वाजत होते, आणि तरी पापण्या जड होऊ लागल्या होत्या.

"हिला घ्या," ती म्हणाली. "लवकर घ्या माझ्याकडून."