पांढरी पट्टी

खण्ण.

स्क्रू वाटीतून निसटला आणि फरशीवरून घरंगळत पलंगाखाली गेला. आतल्या खोलीत मुंगीने कूस बदलली. मी श्वास रोखून बसले. माझी ही चार वर्षांची लेक आत्ता उठली असती तर सगळंच संपलं असतं. अडीच वाजले होते. चारला डॉक्टर येणार होते.

बाबा पलंगावरून बघत होते. स्नायूंच्या आजारात आता त्यांचा फक्त उजवा अंगठा हलतो. हात चालत होते तेव्हाच, जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या या माणसाने आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लिहून ठेवला. पडद्यावर मुळाक्षरं आणि काना-वेलांट्या. त्यांच्यावरून एक चौकोन सरकतो. हव्या अक्षरावर आला की दारावरच्या घंटीचं बटण दाबायचं. वर्षभर बाबा असेच बोलतात. माझ्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं तर चौकोन नुसता लखलखला. हा प्रोग्रॅम घड्याळ बघत नाही, मशीन जितकं वेगवान तितका तो पळतो.

आज सकाळी माहेरी पोचले तर मशीन रखडत होतं.

श्वासासाठी गळ्यात नळी बसवायची का, हे डॉक्टरांना बाबांकडूनच हवं होतं. एकदा दाबलं म्हणजे हो, असं चालणार नव्हतं, कारण अंगठा आपोआपही उडतो. वाक्य पूर्ण हवं. दुपारपर्यंत 'मला नळी' एवढंच झालं होतं. माझा धीर सुटला. आई औषधं आणायला गेली होती. वाटलं, दहा मिनिटांत मशीन ठीक करते, मग धडाधड होईल. मी ते बंद केलं. लिहिलेलं साठवून राहत नाही, हे बंद केल्यावर आठवलं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

मग काय काय नाही केलं. धूळ झाडली. पंखा बघितला, फिरत होता. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला. तो संपला की बोर्ड आपल्या सेटिंग विसरतो आणि मशीन मंदावतं, हे बाबांनीच शिकवलेलं. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने टोकं पुसली. दर वेळी मशीन सुरू करायचं आणि चौकोनाकडे बघायचं. तो एकेका अक्षरावर ठाण मांडून बसायचा.

शेवटी हात टेकले. झाकण लावायला घेतलं तेव्हा समोरची चिकटपट्टी दिसली. तिच्याखाली टर्बोचं बटण. ते आत दाबलेलं असलं की मशीन पूर्ण वेगात, बाहेर असलं की मुद्दाम हळू. लहानपणी मी ते सारखं दाबायचे म्हणून बाबांनी त्यावर काळी पट्टी चिकटवली होती. ही पांढरी होती. सलाइनची सुई धरून ठेवायला लावतात तसली.

आई दारात उभी होती, हातात धुतलेले टॉवेल.

"हे तू केलंस?"

"हो."

"मी दोन तास खपतेय, आई."

"मी बाहेरून आले तर तुझं सगळं उघडून झालेलं. मला विचारलंस? बापाची लेक अगदी. आधी उघडायचं, मग विचारायचं."

"पण का केलंस?"

"बटण दाब आणि बघ."

मी पट्टी सोलून बटण दाबलं. चौकोन टणाटण उड्या मारत निघाला. तो 'म'वर आला तसा बाबांचा अंगठा थरथरला, मग दबला. 'य' उमटला. पुन्हा केलं. पुन्हा 'य'. तिसऱ्यांदा 'र'.

"त्यांनीच सांगितलं हळू करायला," आई म्हणाली. "सांगायलाच दोन दिवस लागले. चुकलेल्या अक्षरांवरून ओळखलं मी. वर बजावलं, लेकीला कळू देऊ नकोस."

मी बटण बाहेर काढलं. पट्टी परत चिकटेना. अंगठ्याने दाबून धरली. "चुकलं माझं, बाबा." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पडद्यावर 'म' उमटला.

मुंगी उठून चादर ओढत आली आणि आजोबांच्या पायाशी बसली. अक्षरं नुकतीच शिकलीय, त्यामुळे प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचायचं. बाबांचं दोनदा चुकलं, दोनदा खोडलं. चारला दहा कमी असताना पुन्हा 'मला नळी' झालं.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. आई खिडकीशी गेली.

चौकोन 'क'पासून निघाला. मधे 'न' लागणार होता, आणि फार पुढे, शेवटाजवळ, 'ह'. बाबांचा अंगठा बटणावर निपचित होता.

"आई," मुंगीने माझा हात हलवला, "आजोबांना आता कुठलं अक्षर हवंय? सांग ना, आलं की मी त्यांना सांगते."