विहिरीवर कोणी नसतं

केरबा सायकल टाकून पळतच आला. त्याच्या हातात पांढरा झेंडा तसाच होता.

उजळाईवाडीच्या धावपट्टीवर धनपाल आपल्या बंद पडलेल्या विमानाखाली उताणा पडून तेलाची गळती बघत होता. केरबा हा फवारणीचा झेंडेवाला. उसाच्या फडाच्या टोकाला झेंडा धरून उभं राहायचं, विमान डोक्यावरून गेलं की वीस पावलं बाजूला सरकायचं आणि पुन्हा उभं राहायचं, एवढं त्याचं काम. विमान अंगावर येताना दिसलं तरी तो कधी हलला नव्हता. आज मात्र तो फड सोडून पळून आला होता.

"साहेब, वहिनी विहिरीवर होत्या," तो म्हणाला. "विमानाचं चाक लागलं."

धनपालनं विचारलं, कुणाची वहिनी? केरबानं धनपालच्याच मळ्याच्या दिशेला झेंडा केला. तेव्हा त्याला कळलं.

जीप चार मैल कशी गेली ते त्याला पुढं कधी आठवलं नाही. मळ्यात पोचला तेव्हा त्याच्या बायकोला, राजमतीला, विहिरीच्या काठावरून उचलून आंब्याखाली ठेवलं होतं आणि वर कुणाचं तरी धोतर पांघरलं होतं. डोक्याच्या जागी धोतर सपाट पडलं होतं. तो तिथं थांबला नाही, कारण पलीकडून आरडाओरडा येत होता. उसाच्या खोडव्याच्या रानात दुसरं विमान नाकावर उभं होतं, आणि गाव सिकंदरला मारत होतं.

सिकंदर हा मीरासाब शिंप्याचा पोरगा, नेसरीचा. धनपाल आणि तो विमान चालवायला एकाच वर्षी शिकले, एकाच खोलीत राहिले आणि एकाच फवारणीच्या कंपनीत लागले. सिकंदरचं डोकं फुटलं होतं, एक डोळा मिटला होता. राजमतीचा धाकटा भाऊ श्रीपाल त्याच्या छातीवर गुडघा देऊन बसला होता. दोघांनी सिकंदरचा उजवा हात दगडावर दाबून धरला होता आणि श्रीपाल त्याच्या बोटांवर पहारीचं बूड हाणत होता. प्रत्येक घावाला तो एकच विचारत होता, "रान मोकळं हाय म्हणून तुला सांगितलं कुणी?"

सिकंदरनं उघडा डोळा फिरवला. गर्दीत धनपाल उभा होता. सिकंदरनं त्याच्याकडं बघितलं आणि डोळा मिटून घेतला. बोट मोडल्याचा आवाज झाला तरी तो बोलला नाही.

पहिला फटका कुणी मारला हे गावात कुणाला सांगता आलं नाही. शेवटची लाथ मात्र धनपालनं घातली, बरगड्यांत, फवारणीचा जाड बूट घालून. ती सगळ्यांनी बघितली. मग लोकांनी त्यालाच धरून मागं ओढलं. बाई गेलीया बिचाऱ्याची, म्हणाले. संध्याकाळपर्यंत गावानं पेटवलेल्या विमानाची राख झाली.

हे १९७३ सालच्या भाद्रपदातलं. त्या वर्षी उसावर पाकोळी ही कीड पडली होती आणि गावोगाव विमानानं औषध मारायचं ठरलं होतं. जैनांच्या पर्युषणाचे दहा दिवस होते. राजमती एकवेळ जेवायची आणि नवऱ्याशी बोलायची नाही. ती शेतकऱ्याची मुलगी. उसावर पंपानं औषध मारतात हे तिला नवं नव्हतं. पण नवऱ्याला ती एकदाच म्हणाली होती, "आपल्या रानापुरतं मारणं येगळं. तुम्ही आभाळातनं गावंच्या गावं मारताय. निदान हे धा दिवस तरी ऱ्हाऊ द्या." कंपनी दहा दिवस थांबणार नव्हती, आणि कंपनीला थांबवण्याएवढा धनपाल मोठा नव्हता. तिनं बोलणं सोडलं. मग हट्टानं त्यानंही सोडलं.

अपघाताच्या आदल्या दिवशी गावात दवंडी झाली, उद्या सकाळी फडाकडं कोणी जायचं नाही. फवारणीआधी रान पायी फिरून बघायचं आणि झाडं, तारा, विहिरी नकाशावर मांडायच्या, हे काम पायलटचंच. हे रान धनपालनं बघितलं होतं. ते त्याचं स्वतःचंच रान होतं. पाळीही त्याचीच होती, पण सकाळी त्याचं विमान सुरू होईना. सिकंदर त्याच्याऐवजी निघाला. चढता चढता त्यानं नकाशावरच्या विहिरीवर बोट ठेवून विचारलं, इथं कोण असतंय काय?

"दवंडी झालीया," धनपाल म्हणाला. "विहिरीवर कोणी नसतं."

खरं तर असायचं. राजमती रोज सकाळी त्याच विहिरीचं पाणी फडक्यातून गाळायची. गाळल्यावर फडक्यावर जे बारीक जीव राहतात त्याला जीवाणी म्हणतात. राजमती ती सुकू द्यायची नाही, आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. त्यासाठी तिच्याकडं तळाला कडी असलेली पितळी बादली होती. ती दोरानं पाण्यापर्यंत सोडली की तिथं अलगद उलटायची, म्हणजे जीव उंचावरून आदळत नाहीत. दवंडी फडासाठी होती, विहिरीसाठी नव्हती, असं तिनं धरलं असणार. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. धनपाल रोज तिला वाकून दोर सोडताना बघत होता. उद्या जाऊ नको, एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण आधी ती बोलू दे, असं त्याला वाटलं होतं.

कठड्याआड वाकलेली बाई विमानातून दिसत नाही. दोर ओढून ती उभी राहिली तेव्हा चाक तिच्यापासून दहा हातांवर होतं.

कंपनीनं दोघांनाही बिनपगारी रजेवर बसवलं. सिकंदर तीन महिने दवाखान्यात होता. धनपाल मळ्यात राबला. कुणी सिकंदरला शिव्या दिल्या की तो मान खाली घालून ऐकायचा. लोक म्हणायचे, किती सोसतोय.

चैत्रात कंपनीचं पत्र आलं. येत्या हंगामाला नवी विमानं येणार होती आणि धनपालला कामावर बोलावलं होतं. सिकंदरबद्दल लिहिलं होतं की त्याचा हलगर्जीपणा दिसतो, त्यामुळं त्याला घेता येत नाही; तरी रान मोकळं असल्याची खात्री कोणी केली होती, हे धनपालनं लेखी कळवावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिकंदर स्वतः आला; कंपनीनं त्यालाही तसंच कळवलं होतं. एसटीतून उतरून मळ्यापर्यंत चालत आला. गाल बसले होते, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली होती. धनपालच्या आईनं पाणी दिलं आणि ती आत निघून गेली.

"जातोस काय कामाला?" त्यानं विचारलं.

धनपाल म्हणाला, ठरलं नाही.

"मला जायाचं हाय. ह्या हातानं दांडा धरता येतोय, मी बघितलंय. बाकी दुसरं काय येतंय मला? अब्बाचं मशीन चालवू म्हटलं, तर सुई धरवत न्हाय." त्यानं तांब्या खाली ठेवला. "धन्या, बोटं मोडत होती तवा तुझं नाव घेतलं न्हाय मी. बायको गेलती तुझी, त्यात हे कुठं सांगायचं? पण आता तुझं तू घे. एक ओळ लिही."

धनपाल काही बोलणार, तोवर बांधावरून श्रीपाल आला. तो ऊसतोडीतून तसाच आला होता, कोयता हातात होता. पायलट आलाय हे त्याला स्टँडवरच कुणीतरी सांगितलं होतं. तो ओरडला नाही. सरळ चालत आला आणि सिकंदरच्या मानेवर कोयता टाकला. सिकंदर मागं कलंडला म्हणून वाचला. कोयता सोप्याच्या खांबात रुतला. श्रीपालनं तो उपसून दुसऱ्यांदा उगारला तेव्हा धनपालनं मध्ये हात घातला. पातं डाव्या तळव्यातून हाडापर्यंत गेलं. श्रीपाल थांबेना. त्यानं तिसऱ्यांदा उगारला. धनपालचा उजवा हात खुंटीकडं गेला. तिथं राजमतीची बादली होती. ती त्यानं श्रीपालच्या कपाळावर घातली, मग पुन्हा घातली, आणि तो खाली बसल्यावरही एकदा घातली. तळाची कडी भुवईत घुसून बाहेर आली.

कोयता पडला. श्रीपाल रक्त पुसत धनपालकडं बघत राहिला. तो तेवीस वर्षांचा होता. आई गेल्यापासून त्याला राजमतीनंच वाढवलं होतं.

"दाजी," तो म्हणाला, "ह्यानं अक्काला मारली, आन तुम्ही मला मारताय?"

सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. सिकंदर भिंतीला टेकून उभा होता आणि वाट बघत होता. धनपालनं तोंड उघडलं. तळव्यातलं रक्त बादलीत टपटप पडत होतं.

"सिकंदर, तू जा," तो म्हणाला. "शेवटची गाडी चुकंल."

 सिकंदरनं पायातली निसटलेली चप्पल शोधून घातली आणि बांधानं निघून गेला. आईनं दोघांच्या जखमा बांधल्या, आधी श्रीपालची. श्रीपाल त्या दिवसापासून या घरात आलेला नाही.

धनपालनं कामावर जायचं नाही असं ठरवलं. हे ठरवायला त्याला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कंपनीला पत्र लिहिलं. मी कामावर येणार नाही. सिकंदर मीरासाब हे माझ्यापेक्षा चांगले पायलट आहेत, त्यांना घ्यावं. त्यांचा दोष नाही. इथवर लिहून झालं. दोष नाही, तर मग कोणाचा, हे कंपनी विचारणार, हे त्याला माहीत आहे. हे पत्र एकदा गेलं की श्रीपालच्या कानावर जाईल, हेही त्याला माहीत आहे.

बादली त्यानं घासून पुन्हा खुंटीला लावली आहे. तिची कडी वाकली आहे, ती आता पाण्यावर उलटत नाही. पत्राला दोन आठवडे झाले. विहिरीवर कोणी नसतं असं मी सांगितलं होतं, ही एक ओळ त्यात अजून लिहायची राहिली आहे.