मधला पिवळा पट्टा

मी पातं बोलतोय. पंख्याचं नव्हे, दाढीचं तर मुळीच नव्हे. हिरवळ कापायच्या हातयंत्राच्या तळाशी आडवं बसवतात ना, ते! वर गोल फिरणारी पाती आणि खाली मी. आमच्या कात्रीत सापडला की गवताचा शेंडा गेलाच म्हणून समजा.

जन्माने मी ट्रकच्या चाकावरच्या कमानीतला, म्हणजे स्प्रिंगमधला, पोलादी पाटा. खंडाळ्याच्या घाटात ओझ्याखाली वाकण्यात माझी जवानी गेली. ट्रक भंगारात निघाला आणि चिंचवडच्या ज्योतीराम लोहाराने मला उचललं. लातूरकडून पोटासाठी आलेला माणूस. बोलायला लागला की भात्यालाही दम लागे.

एके दिवशी त्याच्याकडे उतरल्या तोंडाने गेनबा आला. गेनबा चिखलीचा शेतकरी. पिंपरीत नवा कारखाना उभा राहिला तेव्हापासून तिथल्या बागेत माळी. कारखान्यापुढे मोठ्या साहेबांनी हरळीची हिरवळ केली होती. गेनबाची बायको ठकुबाई पहिल्यांदा भाकरी घेऊन तिथं आली आणि बघतच राहिली म्हणे.

"हरळी? आमी जल्म घालवला ती उपटून फेकण्यात, आन् तुमी तिला पाणी घालता व्हय?"

"पगार मिळतो त्याचा," गेनबा म्हणाला.

"मग आपल्या रानात लई हाय की! बोलवा सायबाला."

पण ती लाडकी हरळी पिवळी पडू लागली. गेनबा सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचा, तरी कापणी झाली की शेंडे वाळायचे आणि लांबून सगळं काडासारखं दिसायचं. मोठे साहेब चिडले. "माळी आळशी आहे. सुधारणा झाली नाही तर दुसरा बघा."

कारखान्यात यशवंतराव नावाचे स्टोअरकीपर होते. खिळ्यापासून मोटारीपर्यंत सगळी खरेदी त्यांची. ते हिरवळीवर गुडघे टेकून बसले आणि एक शेंडा तोडून बघितला. कुंचल्यासारखा पिंजलेला.

"गेनबा, हे कापलेलं नाही, ओरबाडलेलं आहे. पातं बघायला हवं."

यंत्राबरोबर आलेलं पातं झिजलं होतं, आणि त्याच्या जागी बाजारातलं, रंगीत डब्यातून आलेलं एक चकचकीत बसवलं होतं. यशवंतरावांनी पुण्याहून एक विलायती पातं मागवलं आणि गेनबाला म्हणाले, "तूही एक इथंच करून आण. तिन्ही ताडून पाहू." म्हणून गेनबा ज्योतीरामाच्या दारात उभा होता.

"करतो की!" ज्योतीराम म्हणाला. "असं पातं देतो, गवताला कळायचं बी न्हाई कापल्यालं."

त्याने मला तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवून कडक केलं. मी स्वतःवर खूश. तिथंच अंगणात कडबा कापून बघितला, मधे खडा आला आणि माझा कोपरा उडाला!

"लई कडक झालास बाबा," ज्योतीराम मला म्हणाला, "घरातल्या थोरल्या भावावानी. जरा नरम पड." त्याने मला बेताच्या आचेवर पुन्हा शेकलं, हळूहळू निवू दिलं आणि नव्याने धार लावली. अंगात धार हवी, पण थोडं वाकताही यायला हवं, हे मी त्या आगीत शिकलो.

मग हिरवळीवर शेजारी शेजारी तीन पट्टे आखले. डावा विलायती पात्याचा, मधला बाजारच्याचा, उजवा माझा. बाजारच्या पात्याने माझ्या डागाळलेल्या अंगाकडे बघून नाक मुरडलं असावं. विलायती मात्र काही बोललं नाही. साहेबी रीत! गेनबा तीनदा पातं बदलून यंत्र ढकलत राहिला. घरी ठकुबाईने म्हसोबाला नारळ बोलला.

दोन दिवसांनी मोठे साहेब बघायला आले. डावीकडे हिरवंगार, उजवीकडे हिरवंगार, आणि मधे पिवळा पट्टा, भांगासारखा सरळ.

"मधे पाणी कमी घातलं असेल," साहेब म्हणाले.

"पाणी मी स्वतः उभा राहून घालायला लावलंय," यशवंतराव म्हणाले. "तिन्हींना सारखं."

"मग असलं पातं आणलं कोणी?"

गेनबा पायाकडे बघू लागला. त्याला ठाऊक होतं. यशवंतरावांनी चष्मा काढला.

"मी आणलं, साहेब. डबा बघून भुललो. आणि बोलणी या माणसाने खाल्ली."

"मग दुसरा माणूस बागेला बघू की स्टोअरला?"

तेवढ्यात गेनबा हळूच म्हणाला, "सायेब, डबा लई झकास व्हता. म्या बी भुललो असतो."

साहेबांना हसू आवरलं नाही. यशवंतराव स्टोअरात राहिले, गेनबा बागेत.

खरं सांगायचं तर विलायती पातं माझ्याहून सरस होतं. त्याची धार पुष्कळ टिकायची. मला मधेच ज्योतीरामाकडे जावं लागे. पण त्याच्या बदलीचं पातं बोटीतून यायचं, आणि ज्योतीराम हाकेच्या अंतरावर. म्हणून आम्ही दोघंही पाळीपाळीने राबलो. बाजारचं पुढे दाराला टेकण म्हणून लागलं. तिथं ते शोभतं, हे मला कबूल आहे.

धार लावून लावून मी बारीक झालो, वरच्या पात्यांपर्यंत पोचेना. तेव्हा यशवंतरावांनीच मला गेनबाला देऊन टाकलं. ज्योतीरामाने मला वाकवून खुरपं केलं, बाभळीची मूठ बसवली. आता ठकुबाईच्या हातात मेथीच्या वाफ्यात फिरतो. मातीचा वास मला डिझेलपेक्षा बरा वाटतो.

परवा शेजारच्या गवराबाईने मला दोन दिवस मागितलं.

"भाकरी माग, देते," ठकुबाई म्हणाली. "ह्ये खुरपं न्हाई मिळायचं. ह्यानं आमच्या मालकाचा आब राखला."

लोखंडाला लाजता येत नाही म्हणतात. येतं बरं का!

तुमच्याही घरी विळी, कोयता, कात्री असेल. वापरून झालं की ओलं टाकू नका, पुसून तेलाचं बोट लावा. एवढंच मागणं. चला, येतो. वाफा अर्धा राहिलाय आणि ठकुबाई मूठ चाचपतेय.