मोजून वाढलेलं ताट

तिजानीने ऑलिव्हचं तेल चमच्यात ओतलं, काठाशी आल्यावर हात रोखला आणि चमचा माशाच्या रश्शावर उपडा केला. दिवसातला हा दुसरा चमचा. तिसरा संध्याकाळी. दूध, अंडं, मासा यांतलं धरून स्निग्ध पदार्थांचे पन्नास ग्रॅम त्यात भरत. मग त्याने बार्लीची रोटी तराजूवर ठेवली, एक कोपरा तोडला, पुन्हा वजन पाहिलं आणि वाडगा बायकोपुढे सरकवला.

मन्नूबियाने निमूटपणे सगळं खाल्लं.

डॉक्टरीणबाईंनी साखर आणि रक्तातली चरबी, दोन्ही आवरायला सांगितलं होतं. मन्नूबियाच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावरची जखम महिन्याभरात भरली नाही, तर अंगठा काढावा लागेल, असंही त्या म्हणाल्या होत्या. आकडे मात्र तिजानीने स्वतः काढले. चौतीस वर्षं त्याने महदियाच्या आसपासच्या ऑलिव्हच्या बागांची मोजणी केली होती. अंदाजाने काही करणं त्याला जमतच नसे. तिचं वजन, वय, दिवसभराचं चालणं मांडून त्याने पंधराशे कॅलरी ठरवल्या. त्यातल्या निम्म्या कर्बोदकांतून, भागिले चार: एकशे सत्त्याऐंशी ग्रॅम. तीस टक्के स्निग्धातून, भागिले नऊ: पन्नास. तीनदा ताळा करून पाहिला.

वाडगा धुऊन तो परत आला, तर मन्नूबिया भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"सकाळपासून पोटात काही नाही माझ्या," ती म्हणाली.

आत्ताच जेवलीस, असं तो पूर्वी सांगत असे. एकदा ओला वाडगाही तिला दाखवला होता, तेव्हा तिने तो परक्याच्या घरची वस्तू पाहावी तसा पाहिला होता. आताशा तो गप्प राही.

साखर काही उतरेना. त्याने गणित पुन्हा केलं, तराजू नवा आणला. मग एकदा दुपारच्या नमाजाहून परतताना त्याला ती समोरच्या सलूहाच्या उंबऱ्यावर बसलेली दिसली. हनुवटीला बसीसाचं पीठ लागलं होतं. तेल आणि खजूर घालून मळलेलं, भाजलेलं पीठ. एका लाडवात दिवसाचं सगळं गणित बुडत होतं.

तो गल्लीतल्या सात दारांना गेला. काय चालेल, काय नाही, याचा कागद प्रत्येकीला दिला, जखमेचं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि आठवड्याने तो पुन्हा सलूहाच्या दारात उभा होता.

"काका, तुमचा कागद मी चुलीशेजारीच चिकटवलाय," सलूहा खाली बघत म्हणाली. "पण मावशी दारात येऊन म्हणते, दोन दिवस उपाशी आहे. तिच्या तोंडाकडे बघून तुम्ही नाही म्हणून दाखवा."

तिजानी घरी परतला. म्हातारपणी नवऱ्याचा हात आखडलाय, बायकोला मोजून वाढतो, असं गल्लीत बोललं जातं, हेही त्याच्या कानावर आलं होतं.

त्याने बाहेरच्या दाराला कुलूप घातलं. तासभर मन्नूबिया दार बडवत राहिली, मेलेल्या आईला हाका मारत राहिली. पाय दारावर आपटून जखम पुन्हा वाहू लागली, तेव्हा त्याने कुलूप काढलं, जखम धुतली, पट्टी बांधली. त्यानंतर कुलूप लावलं नाही.

महिना संपला. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि अंगठा काढायला गुरुवार ठरवला.

बुधवारी दुपारी तिजानी अंगणातल्या पायरीवर बसून होता. मन्नूबियाला सकाळी मोजूनच वाढलं होतं; स्वतः काही खायचं मात्र सुचलं नव्हतं. दार ढकलून ती आत आली. पाय ओढत, एक हात अंगावरच्या चादरीआड धरून. तिने इकडेतिकडे पाहिलं, त्याच्या शेजारी टेकली आणि मूठ उघडली. बसीसाचा लाडू होता. तिने त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा त्याच्यापुढे धरला.

"खा, दादा. लवकर."

"कुणी दिलं?"

"समोरच्या पोरीनं. चांगली आहे." तिने आवाज खाली आणला. "इथे एक म्हातारा आहे, तो काही खाऊ देत नाही. तेलसुद्धा चमच्याने मोजतो. तुलाही उपाशी ठेवलंय ना त्यानं? तोंडावरून दिसतंय."

तिजानीने तिच्याकडे पाहिलं. ती खरंच काळजीत होती.

"हो," तो म्हणाला.

"मग खा ना. तो यायच्या आत."

त्याने तुकडा तोंडात घातला. गिळून झाल्यावर त्याने पुन्हा हात पुढे केला.

मन्नूबियाने हातातल्या उरलेल्या तुकड्याकडे पाहिलं. मग तोही त्याच्या तळहातावर ठेवला.

"फार भूक लागलीय बिचाऱ्याला," ती स्वतःशीच म्हणाली, आणि त्याचं खाणं होईपर्यंत दाराकडे नजर लावून पहाऱ्याला बसली.