पिणारी भुकटी

नवऱ्यानं होडी दारूत घालवली, तेव्हापासून घिवलीच्या हंसाच्या नाकाला खाडीपलीकडची बाटलीही कळायची. त्र्याऐंशी साली तिचा मुलगा कमलाकांत दोस्ताला म्हणाला, "आज भरपूर प्यायली रे, उद्या तापवू." ते कानावर पडलं आणि दुसऱ्या दिवशी हंसा थेट बोईसरला, त्याच्या प्रयोगशाळेत धडकली. पाहते तर शेगडी, नळी, पाण्यात बुडबुडे!

"मेल्या, हातभट्टी लावलीस?"

"आई, ही मॅग्नेशियम-निकेलची भुकटी हाय. ती हायड्रोजन वायू पिते, तापवली की सोडते."

हंसानं नळी हुंगली. कसलाच वास नाही. तिचा संशय वाढलाच.

"पिणारा तापवल्यावर सोडतो? तुज्या बापाला जनमभर तापवते मी, त्यानं सोडली?"

"त्यांना तीनशे डिग्री लागतील."

हंसा खुदकन हसली, पण शेगडी विझेपर्यंत स्टुलावरून हलली नाही.